‘पाच’ नंबर म्हणजे किती लिटर? पोर्टेबल ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरबाबत तक्रार

दिनांक : 22 सप्टेंबर 2025

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : पोर्टेबल ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विकताना दिलेली चुकीची माहिती, त्यामुळे रुग्णाला प्रवासात झालेला त्रास आणि रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ : 9 जून 2025 चं बिल, माझी 3 सप्टेंबरची तक्रार आणि तुमचं 11 सप्टेंबरचं उत्तर.

महोदय,

माझ्या आईसाठी आम्ही 9 जूनला तुमचं, हवेतला ऑक्सिजन वेगळा करून देणारं, सव्वादोन किलोचं पोर्टेबल मशीन आणि एक जादा बॅटरी मिळून 1,94,000 रुपयांना घेतलं. 24 ऑगस्टला ठाण्याहून रेल्वेने रत्नागिरीला जाताना दोन्ही बॅटऱ्या चिपळूण यायच्या आत संपल्या आणि आईला अर्ध्या वाटेत उतरवावं लागलं. त्याबद्दल केलेल्या तक्रारीला तुमचं उत्तर आलं, की मशीनमध्ये दोष आढळला नाही, रुग्ण तोंडाने श्वास घेतो आणि सेटिंग जास्त ठेवलं होतं. हे उत्तर मला मान्य नाही. मशीन बिघडलेलं नाही हे मलाही माहीत आहे. माझी तक्रार आहे ती मशीन विकताना आम्हाला जे सांगितलं गेलं त्याबद्दल.

आई 71 वर्षांची आहे. तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार आहे. आयुष्यात कधी विडी-सिगारेटला हात लावला नाही, पण लांज्याजवळच्या घरी तीस वर्षं ती चुलीपुढे बसली. पावसाळ्यात ओली लाकडं फुंकून पेटवायची. छातीच्या डॉक्टरांनी तिला दिवसातून किमान पंधरा तास ऑक्सिजन सांगितला आहे. बसलेली असताना मिनिटाला दोन लिटर, चालताना चार. घरी पाच लिटरचं मोठं मशीन आहे, पंधरा किलोचं. त्याची नळी सात मीटरची. हॉलमधून ओट्यापर्यंत पोहोचते, बाथरूमच्या दारापर्यंत पोहोचते, जिन्यापर्यंत नाही. चौदा महिने आई त्या सात मीटरांत राहिली. खाली भाजीवाला आला की गॅलरीतून मला विचारायची, अळू आहे का गं त्याच्याकडे?

म्हणून पोर्टेबल घ्यायचं ठरलं. तुमचा प्रतिनिधी डोंबिवलीला घरी आला. आईला खुर्चीत बसवून, नळी लावून, सेटिंग 2 वर पाच मिनिटांत ऑक्सिमीटरवर रक्तातला ऑक्सिजन (सॅच्युरेशन) 95 टक्के दाखवला. मी स्पष्ट विचारलं, चालताना तिला चार लिटर लागतो, हे देईल का? तो म्हणाला, पाचपर्यंत सेटिंग आहे, पाच लिटरपर्यंत देतं. मी बँकेत काम करते, तोंडी बोलण्यावर पैसे देत नाही, म्हणून त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर तेच पुन्हा विचारलं. उत्तर आलं : ‘मॅडम, काळजी नको, पाच लिटरपर्यंत देते. एका बॅटरीवर साडेचार तास, दोनवर नऊ. ट्रेनमध्ये तर प्लग असतोच.’ तो संदेश माझ्याकडे आहे, त्याची प्रत सोबत जोडली आहे. रात्रीही हेच लावा, मोठं मशीन विकून टाका, असाही सल्ला मिळाला होता. तो आम्ही मानला नाही, हे आईचं नशीब.

चांगलं झालं तेही सांगते. पहिल्या आठवड्यात आई माझ्याबरोबर रिक्षाने मंडईत गेली. खांद्याला पिशवी, पदर असा घेतलेला की नळी फारशी दिसू नये, आणि श्वासागणिक मशीनचा तो बारीक ‘फुस्’. तिने स्वतःच्या हाताने मेथीची जुडी उलटून पाहिली, भाव केला आणि घेतली. घरी आल्यावर बराच वेळ गप्प बसून होती, मग म्हणाली, पुढच्या बुधवारी पण जाऊ. असं मशीन बाजारात आहे याचा मला आनंद आहे, म्हणूनच ते खोटं सांगून विकलं जावं याचा संताप येतो.

मंडईत ती थांबत थांबत चालली होती. त्रास सुरू झाला तो जिन्यात. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. सेटिंग 5 वर असूनही अठरा पायऱ्या चढून आली की ऑक्सिमीटर 84 दाखवायचं. आम्हाला वाटलं आजार वाढला. आईलाही तसंच वाटलं. ‘पाच लिटर’ लावूनही जमत नाही म्हणजे आता आपलं संपत आलं, असं ती माझ्या मावशीला फोनवर सांगत होती, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. तिने मंडई बंद केली. जुलै आणि अर्धा ऑगस्ट असाच गेला.

गणपतीला मात्र तिला माहेरी जायचंच होतं. गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला होती, आम्ही 24 चं तिकीट काढलं. सकाळी सहाला घर सोडलं. पावसाळी वेळापत्रकात कोकण रेल्वेच्या गाड्या सावकाश धावतात, हे धरूनही हिशेब असा होता की नऊ तास पुरे आहेत. बसलेली असताना 2 वर तिचं सॅच्युरेशन 88 च्या खाली जायला लागलं म्हणून 3 वर ठेवलं, मध्ये मध्ये 4 वर, उठून बाथरूमला जाताना 5 वर. पहिली बॅटरी रोह्याच्या आसपास संपली. मी दुसरी घातली आणि पहिली चार्ज करायला सीटजवळच्या सॉकेटला लावली. चार्जरचा दिवा लागायचा, विझायचा, परत लागायचा. तिकीट तपासनीस भला माणूस होता, म्हणाला, ताई, हे मोबाईलपुरतं असतं, यावर मशीन चालणार नाही. त्याने दुसऱ्या सॉकेटवरही लावून बघितलं. खेड सोडलं आणि बॅटरीचे चार दिवे एकेक करून गेले, मग तो लांबलचक बीप सुरू झाला. डब्यातली सगळी माणसं आमच्याकडे बघत होती. आई पुढे वाकून, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर टेकून बसली. तिची नखं मी हातात धरली होती, ती जांभळट दिसायला लागली होती. ऑक्सिमीटरवर 79. ती बोलू शकत नव्हती, फक्त हाताने मला खूण करत होती, की घाबरू नकोस.

चिपळूणला उतरवलं. मामेभावाच्या ओळखीच्या एकाने दवाखान्यातून ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर जीपमध्ये घालून आणला होता, म्हणून पुढचं निभावलं. त्याच जीपमधून, सिलिंडर पायाशी धरून, आम्ही लांज्याला पोहोचलो. आरतीला आई बसली, पण सिलिंडरच्या शेजारी. तुमचं मशीन कोपऱ्यात चार्जिंगला होतं.

परत आल्यावर डॉक्टरांनी मशीन आणि त्याचं पुस्तक दोन्ही आणायला सांगितलं. त्यांनी शेवटच्या पानांवरचा तक्ता उघडून दाखवला. तुमच्याच तक्त्याप्रमाणे हे मशीन सेटिंग 5 वर मिनिटाला 1,050 मिलिलिटर ऑक्सिजन देतं. म्हणजे जेमतेम एक लिटर. सेटिंग 4 वर 840, सेटिंग 2 वर 420. हे मशीन सतत प्रवाह देतच नाही, श्वास आत घेताना नाकातला दाब कमी होतो तो ओळखून एक झोत सोडतं. श्वास सोडताना ऑक्सिजन वाया जात नाही, त्यामुळे कमी ऑक्सिजनमध्ये बऱ्याच रुग्णांचं बसल्याजागी भागतं, हे डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण आकडा लिटरचा नाही. तो नुसता बटणाचा नंबर आहे, पंख्याच्या रेग्युलेटरवर असतो तसा. कुठल्या रुग्णाला कुठला नंबर पुरतो हे चालवून, ऑक्सिमीटर लावून बघितल्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही.

त्यातही जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती ही, की मिनिटाचा एकूण ऑक्सिजन ठरलेला असल्याने श्वास जितके भरभर तितका प्रत्येक झोत लहान. मिनिटाला 20 श्वास असतील तर सेटिंग 5 वर एका झोतात साधारण 52 मिलिलिटर. जिना चढताना आईचे श्वास 30 वर जातात, तेव्हा 35. म्हणजे तिला जास्तीत जास्त गरज असते नेमक्या त्या वेळी प्रत्येक श्वासाला कमी मिळत होतं. आजार वाढला नव्हता. डॉक्टरांनी घरच्यासारख्याच मशीनवर सतत चार लिटर लावून तिला दवाखान्याच्या व्हरांड्यात चालवलं, सॅच्युरेशन 90 च्या खाली गेलं नाही. दीड महिना माझी आई आपण मरणाच्या दारात आहोत असं समजून घरात बसली, ती तुमच्या प्रतिनिधीच्या एका शब्दामुळे. ‘लिटर’ या शब्दामुळे.

बॅटरीचंही तसंच. साडेचार तास हा आकडा सेटिंग 2, मिनिटाला 20 श्वास आणि नवी बॅटरी एवढं सगळं धरून आहे. तक्त्यात सेटिंग 3 ला तीन तास आणि 4 ला दोन तास छापले आहेत. तुमच्या माहितीपत्रकावर मात्र ‘साडेचार तास’ बोटभर उंचीच्या अक्षरांत आहे आणि बाकी काहीच नाही. चालताना चार लागतो हे तुमच्या माणसाला मी आधी सांगितलं होतं. त्याने तक्ता उघडला असता तर नऊ तासांचे चार होतात हे त्याला तिथेच दिसलं असतं.

दिवाळीत आईला विमानाने बहिणीकडे बंगळुरूला न्यायचा बेत होता. विमान कंपनीच्या फॉर्मवर डॉक्टरांना यंत्राची माहिती आणि बॅटरी किती तास चालते ते लिहून सही करावी लागते, आणि अनेक कंपन्या प्रवासाच्या वेळेच्या दीडपट बॅटरी मागतात. विमानातली हवा सुमारे 8,000 फूट उंचीवर असते तितकी विरळ होऊ शकते, म्हणजे तिथे सेटिंग वाढवावं लागणार आणि बॅटरी आणखी लवकर उतरणार. तुमच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवून तो फॉर्म भरला असता तर चिपळूण स्टेशनसारखं मध्ये उतरवायला तिथे स्टेशन नव्हतं. बेत रद्द केला आहे.

आता तुमच्या 11 तारखेच्या उत्तराकडे येते. रुग्ण तोंडाने श्वास घेतो, हे कारण तुम्ही दिलंत. धाप लागलेलं माणूस तोंड उघडतंच. तोंडाने घेतलेला श्वास या मशीनला ओळखता येत नसेल, आणि झोपेत श्वास उथळ झाला की झोत सुटत नसेल, तर हे विकण्याआधी सांगायचं असतं. तुमचा प्रतिनिधी तर हेच मशीन रात्री लावायला सांगून गेला होता. विकताना जे गुण म्हणून सांगितलं तेच तक्रार आल्यावर रुग्णाची चूक कसं ठरतं, हे मला समजावून सांगा. 71 वर्षांच्या बाईने आपल्या श्वासाबद्दल कुणाची माफी मागायची नसते.

माझी मागणी अशी आहे. मशीन, जादा बॅटरी, बॅग आणि चार्जर मी परत देते, पूर्ण 1,94,000 रुपये परत करा. त्याऐवजी सतत प्रवाह देणारं, चाकांवर ओढून नेता येणारं पोर्टेबल मशीन तुमच्याकडे असेल तर तेही चालेल, वजन जास्त असलं तरी आम्ही ओढू. पण आधी ते आईला लावून आमच्या जिन्यात चालवून दाखवा, खुर्चीत बसवून नाही. चिपळूण ते लांजा गाडी आणि सिलिंडरचा खर्च 6,400 रुपये झाला, त्याच्या पावत्या जोडल्या आहेत. आणि एक गोष्ट पैशाइतकीच महत्त्वाची आहे : माहितीपत्रकात प्रत्येक सेटिंगला मिनिटाला किती मिलिलिटर आणि बॅटरी किती तास हे पहिल्याच पानावर छापा, आणि तुमच्या माणसांच्या तोंडून ‘पाच लिटर’ हा शब्द बंद करा. ज्या घरांत हे मशीन गेलं आहे तिथेही कुणीतरी जिना चढून येऊन 84 बघत असेल आणि आजार वाढला असं समजत असेल. त्यांना फोन करून खरं सांगा.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली ठाणे जिल्हा आयोगाकडे जाईन. ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे मी पाहून ठेवलं आहे. व्हॉट्सअॅपचा संदेश, माहितीपत्रक, तुमच्याच पुस्तकातला तक्ता आणि डॉक्टरांनी चालवून घेतलेल्या चाचणीचा कागद माझ्याकडे तयार आहेत. तिथे जायची वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं, कारण सुनावणीच्या तारखांना आईला घरी एकटं ठेवून जावं लागेल.

उत्तर ईमेलवर द्या. फोन करायचाच असेल तर माझ्या नंबरवर, संध्याकाळी सातनंतर. बिलावर दुसरा नंबर आईचा आहे, त्यावर करू नका. ती फोन घेते, सगळं नीट सांगायचा प्रयत्न करते, आणि चार वाक्यांत तिला धाप लागते.

आपली,
एक ग्राहक
डोंबिवली (पूर्व)