बाबा, त्या टूरला पैसे भरू नका, आपण सांबुरूला जाऊ

आई-बाबा,

बाबा, तुम्ही व्हॉट्सअपवर पाठवलेली केनिया टूरची पीडीएफ वाचली. आठ दिवसांत पाच पार्क! अहो रोज पाच-सहा तास रस्त्यावर आणि उरलेल्या वेळात परत जीपमध्येच बसून प्राणी शोधायचे, तुमचा गुडघा आणि आईची कंबर तिसऱ्या दिवशीच संपावर जातील. आणि जानेवारीच्या टूरवर मोठ्या अक्षरात 'ग्रेट मायग्रेशन' कसं काय लिहिलंय? चाऱ्यासाठी नद्या ओलांडत स्थलांतर करणारे ते विल्डबीस्टचे, म्हणजे गायीसारख्या दिसणाऱ्या हरणांचे, कळप केनियाच्या मसाई मारात साधारण जुलै ते ऑक्टोबर असतात, जानेवारी-फेब्रुवारीत सगळे खाली टांझानियात, सेरेंगेटीच्या दक्षिणेला, तो त्यांचा विणीचा सीझन. मग नदी ओलांडताना दिसणार कोण, टूर मॅनेजर?

गणपती झाल्यावर या असं मी म्हणत होते तर आई म्हणाली लगेच पितृपक्ष लागतो, आजोबांचं श्राद्ध सोडून जायचं नाही. ठीक आहे, मग संक्रांत करून या. एका अर्थी बरंच झालं, कारण मला तुम्हाला मारा नाही तर सांबुरू दाखवायचंय आणि तिथे तेव्हा कोरडं असतं. सांबुरू म्हणजे केनियाच्या उत्तरेचा रखरखीत भाग, बराचसा आपल्या माणदेशासारखा, फक्त मधून एवासो न्यिरो नदी जाते आणि काठाला फांद्या फुटलेले ताड. आजूबाजूला दुसरं पाणी फारसं नसल्यामुळे बहुतेक प्राणी नदीवर येतात. पात्र आटलं की हत्ती पायाने आणि सोंडेने वाळू उकरून झरे काढतात, ते पिऊन गेले की बाकीचे प्राणी त्याच खड्ड्यांवर. कॅम्प नदीकाठीच बघतेय. म्हणजे तुम्ही खुर्ची टाकून चहा पीत बसा, धावायचं काम त्यांचं. मला विचाराल तर सफारी अशीच करावी, एका जागी तीन-चार दिवस. पाच पार्कात टिकमार्क करत फिरणं म्हणजे नुसतं पेट्रोल जाळणं.

शिवाय तिथे जे दिसतं ते मारात नाही. ग्रेव्हीचा झेब्रा, एकदम बारीक पट्टे, पोट पांढरं आणि कान मोठे गोल, जगात आता तीनेक हजारच उरलेत आणि त्यातले बहुतेक केनियातच. मग जाळीच्या नक्षीचा जिराफ, लांब सरळ शिंगांचं ओरिक्स, आणि आई तुला आवडेल असं गेरेनुक, लांब मानेचं हरीण, मागच्या दोन पायांवर सरळ उभं राहून झाडाचा पाला खातं, पाण्याशिवायही त्याचं भागतं, पाल्यातून मिळतं तेवढं पुरतं.

जाताना गाडीने जाऊ पण एका दमात नाही. नैरोबीहून साधारण 200 किलोमीटरवर नान्युकी गाव आहे, तिथे मुक्काम. सकाळी लवकर ढग यायच्या आत उठलात तर माउंट केनिया दिसतो, 5,199 मीटर. थंडी असते, स्वेटर आणि बाबांची माकडटोपी पाहिजेच. विषुववृत्त तिथूनच जातं, बोर्डाजवळ एक माणूस भोक पाडलेल्या भांड्यातून पाणी सोडून दाखवतो, रेषेच्या इकडे उलटं फिरतं तिकडे सुलटं. सगळी हातचलाखी, एवढ्याशा भांड्यात पृथ्वीच्या फिरण्याचा कसला परिणाम होतोय. पण बाबा, रिटायर झालात हे लक्षात ठेवा, त्याला तिथे नववीचं सायन्स शिकवत बसू नका.

नान्युकीजवळच ओल पेजेता हे प्राण्यांचं राखीव रान आहे. तिथे नाजिन आणि फातू या माय-लेकी, उत्तरेकडच्या पांढऱ्या गेंड्यांपैकी जगात शेवटच्या दोन. नाजिनचा बाप सुदान हा शेवटचा नर, तो 2018 मध्ये गेला. सांबुरूत गेंडे शिकाऱ्यांनी केव्हाच संपवले, त्यामुळे गेंडा बघायचा तर इथेच.

येताना मात्र छोट्या विमानाने येऊ, तासाभरात नैरोबीचं विल्सन विमानतळ. त्यात माणशी 15 किलो, तेही हँडबॅग धरून, आणि मऊ कापडी बॅगच चालते. आई ती चाकांची लाल सूटकेस माझ्या घरी राहील, आधीच सांगते. चिवडा, लाडू आण पण डब्यात आण, केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना बंदी आहे. आणि तंबूत खाऊ उघडा ठेवायचा नाही, माकडं चेन उघडतात. तंबूला आतच संडास-बाथरूम असतं, त्यामुळे बाबा, रात्री उठलात तरी बाहेर पाऊल टाकायचं नाही, जेवायला जाता-येता कॅम्पचा अस्करी, म्हणजे पहारेकरी, सोबत येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांकडे जा. केनियाहून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलं तर यलो फीव्हरच्या लसीचं सर्टिफिकेट लागतं, नाहीतर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन. आणि साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेताना साइड इफेक्टचा धोका जास्त असतो, म्हणून 'सगळेच घेतात' म्हणून घेऊन मोकळं व्हायचं नाही. बीपीच्या गोळ्या, आईची शुगर सगळं सांगून विचारा, मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारा. हो म्हणाले तर लस ठरावीक सरकारमान्य सेंटरलाच मिळते आणि सर्टिफिकेट दहा दिवसांनी लागू होतं, ते धरून तारीख ठरवू. नको म्हणाले तर अजिबात वाद घालायचा नाही, आपण दक्षिण आफ्रिकेत क्रूगर पार्कला जाऊ, तिथे यलो फीव्हर नाही. मी सुट्टी टाकून तिकडे येईन.

आई, तू बाबांबरोबर आत जा हं, ते एकटे गेले तर डॉक्टरांशी क्रिकेटवर बोलून परत येतील. आणि दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो पाठव, मागच्या वेळी अर्धा अंगठाच आला होता. डॉक्टरांचं कळलं की इकडच्या परवानगीचा ऑनलाइन फॉर्म मीच भरते.

तुमची
मनू