दुसऱ्याचं कापड ठेवून तौबा कशी होईल?

मा. संपादक,
स. न.

शब-ए-बारातच्या दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात कब्रस्तानातल्या गर्दीचं छायाचित्र होतं. खाली लिहिलं होतं, 'पापांची माफी मागण्याची रात्र'. चुकीचं काही नाही. पण शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा तो पेपर घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "चाचा, वर्षभर काहीही करायचं आणि एका रात्रीत सगळं माफ? असं कसं?" त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो. आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांना हा प्रश्न पडतही नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

तौबा या शब्दाचा अर्थच परत फिरणं. उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, तिच्या अटी सांगून ठेवल्या आहेत. चूक तिथल्या तिथे थांबवायची, मनापासून पस्तावायचं, पुन्हा तिकडे न जाण्याचा पक्का इरादा करायचा. एवढं अल्लाह आणि बंदा यांच्यातलं झालं. पण त्या चुकीत दुसऱ्या माणसाचा हक्क अडकला असेल, तर ज्याचं त्याला परत द्यायचं किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यायचं. याला हुकूकुल इबाद म्हणतात, माणसांचे हक्क. रात्रभर सजद्यात, जमिनीला कपाळ टेकून, राहिलात तरी शेजाऱ्याच्या आवारात सरकवलेला गडगा आपोआप मागे येत नाही.

हे मला कळलं ते चिखलात बसून.

मी शिंपी. चिपळूणच्या बाजारात वडिलांचं दुकान होतं, तेच मी चालवलं. ज्या कुर्त्याला अडीच मीटर पुरतं, त्याला तीन मीटर आणायला सांगायचं ही आमची रीत. कापड उभं-आडवं बसवून कापायची माझी हातोटी चांगली. उरलेला अर्धा मीटर गिऱ्हाइकाचा, पण तो पत्र्याच्या ट्रंकेत जायचा. त्यातून झबली, टोप्या, उशांचे अभ्रे शिवून विकायचो. वडीलही तेच करत. त्यांना कुणी चोर म्हटलं नाही, म्हणून मीही स्वतःला म्हटलं नाही. पाच वक्तांची नमाज चालू होती, रोजे चालू होते, शब-ए-बारातला रडून दुआही मागत होतो.

2021 ची बकरी ईद 21 जुलैला आली. आदल्या रात्री उशिरापर्यंत काजं-बटणं करून कपडे पोचते केले. ईदच्या दिवशी पाऊस थांबलाच नाही, आणि 22 तारखेला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारात शिरलं. ओसरल्यावर दुकान उघडलं तर गुडघाभर गाळ, मशीन आडवं पडलेलं आणि ट्रंक तशीच कोपऱ्यात. झाकण काढलं. आतली कापडं चिखलाने एकमेकांना चिकटलेली. बादलीभर पाणी घेऊन एकेक तुकडा सोडवायला बसलो. धुतला जाईल तसा तो ओळखू यायला लागला. हे पांढरं टेरिकॉट हजहून आलेल्या एका बुजुर्गांचं. हा मोरपंखी पॉपलीनचा तुकडा एका शाळेतल्या बाईंनी दिलेल्या कापडातला. आणि ही जांभळ्या फुलांची छीट. घरकाम करणाऱ्या एका ताईंनी ती मुलीच्या फ्रॉकसाठी आणली होती. खाली झालर लावा म्हणाल्या होत्या, आणि मी सांगितलं होतं, "ताई, कापड पुरत नाही."

झालर होईल एवढं कापड माझ्या हातात होतं.

मौलवीसाहेबांना सगळं सांगून मसला, म्हणजे धर्माचा नियम, विचारला. ते म्हणाले, मालक माहीत असेल तर त्याला द्या, तो गेला असेल तर वारसांना, आणि काही केल्या पत्ता लागत नसेल तर त्याच्या नावाने तेवढी किंमत सदका, म्हणजे दान, करा. पुढे मालक आला तर त्याचा हक्क कायम. मी वहीत नावं लिहिली, हिशेब केला आणि दारोदार फिरलो. बहुतेकांनी "जाऊ द्या हो" म्हणत चहा पाजला. त्या ताईंनी छीट हातात घेतली, उलटसुलट पाहिली. मुलीचं लग्न झालेलं. म्हणाल्या, "चाचा, तेव्हा द्यायचं होतंत." माफ केलं असं काही म्हणाल्या नाहीत. मीही पुन्हा विचारायला धजलो नाही.

शेजारच्या त्या मुलाला मी फुझैल बिन इयाज यांची हकीकत सांगितली. आठव्या शतकातले, इराणच्या बाजूच्या खुरासान प्रांतात वाटेवर काफिले लुटणारे, पुढे सूफी संत झालेले. आपल्या वाल्या कोळ्यासारखेच. एका रात्री भिंत चढताना त्यांच्या कानावर कुरआनची आयत पडली, तिचा आशय असा: अल्लाहच्या स्मरणाने ईमानवाल्यांची दिलं नमतील, ती वेळ अजून आली नाही का? "आली," म्हणाले आणि परत फिरले. लोक एवढंच सांगतात. पण त्यानंतर ते ज्यांना लुबाडलं त्यांना शोधत फिरले, असंही त्यांच्या चरित्रांत येतं. माझ्या मते खरी तौबा त्या शोधण्यात आहे.

आता जिक्राबद्दल, म्हणजे अल्लाहच्या नामस्मरणाबद्दल. हजरत फातिमांच्या हातांना जातं ओढून घट्टे पडले होते. मदतीला माणूस मिळावं म्हणून त्या आपल्या वडिलांकडे, प्रेषितांकडे गेल्या. प्रेषित (स.) त्यांच्या घरी आले आणि म्हणाले, मागितलंत त्याहून चांगलं सांगतो, झोपण्याआधी 33 वेळा सुब्हानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि 34 वेळा अल्लाहु अकबर म्हणा. ही हदीस, म्हणजे प्रेषितांची आठवण, बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. जात्यावर ओव्या म्हणत दळलेल्या आयाबायांच्या महाराष्ट्रात हे वेगळं समजावून सांगायला नको. मी ती तसबीह रात्री म्हणतोच, शिवाय मशीनवरही. पाय पायट्यावर, हात कापडावर आणि जिभेवर नाम. कात्री लावायच्या आधी अल्लाहचं नाव घेतलं की अर्धा मीटर जास्त सांगायला जीभ उचलत नाही, हा माझा अनुभव आहे. 'अल्लाहच्या स्मरणानेच दिलाला चैन पडतं' ही कुरआनच्या सूरह रअद या अध्यायातली आयत मी लहानपणापासून पाठ म्हणत होतो. चैन कशाने जातं ते आधी कळावं लागलं.

कमाई घटली, हे खरं. अभ्रे-टोप्यांचे पैसे गेले. घरात यावरून बोलणंही झालं. पण श्रीमंती मालमत्तेच्या ढिगाने येत नाही, ती मनाची असते, असं प्रेषितांनी सांगितलं आहे आणि मला ते आता पटतं. पूर्वी एखादं गिऱ्हाईक कापड मोजून घेऊन आलं की पोटात गोळा यायचा. आता त्याच्यासमोर टेप लावतो, उरलेली पट्टीसुद्धा गुंडाळून पिशवीत घालतो.

मोरपंखी पॉपलीनचा तुकडा अजून माझ्याकडे आहे, सुमारे पाऊण मीटर. वहीत त्या बाईंचं नाव नाही, त्यांची बदली झाली एवढंच समजलं. किंमत सदका केली आहे, तरी कापड त्यांचंच. पुराच्या आधीच्या वर्षी चिपळूणच्या बाजारात ब्लाउज शिवायला टाकलेल्या त्या शिक्षिका हे वाचत असतील तर कृपया या वृत्तपत्राच्या कार्यालयात विचारावं. माझा पत्ता तिथे देऊन ठेवला आहे. डाग निघाले आहेत, रंग थोडा उतरला आहे.

आपला नम्र,
एक शिंपी, चिपळूण