वार नंतर, तिथी आधी

अलिबाग

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

ऑफिसातल्या सात जणांना घेऊन अलिबागला येतोयस हे वाचून बरं वाटलं. आम्ही त्या आठवड्यात ताईकडे नाशिकला आहोत, त्यामुळे सगळं लिहूनच पाठवतो. लहानपणी तू इथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी आमच्या मागून चालत जायचास, पाण्याची वेळ बघायचं काम आमचं असायचं. आता ते तुझं.

तू निवडलेला शनिवार दशमीचा आहे. तो बदल. पुढचा शनिवार धर, त्या दिवशी द्वितीया आहे आणि रविवारी तृतीया. कारण सांगतो.

हिशेब सोपा आहे. पंचांगातली तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ, दिवसा एकदा आणि रात्री एकदा. त्यात सव्वासहा तास मिळवले किंवा वजा केले की पूर्ण ओहोटी. तिथी पौर्णिमेपर्यंत मोजायची आणि प्रतिपदेला पुन्हा एकपासून सुरू करायची. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे ओहोटी दुपारी पावणेदोनच्या आसपास. वेळ डोक्यावर उन्हाची, पण खरी अडचण ऊन नाही. अष्टमीपासून दशमी-एकादशीपर्यंत भांग असतो. भांगात भरतीला पाणी फार चढत नाही आणि ओहोटीला फार उतरतही नाही. किल्ल्याच्या वाटेवर तेव्हा गुडघ्याच्या वर पाणी राहतं, कधी कमरेपर्यंत. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण उलटं असतं, पाणी खूप चढतं आणि तितकंच लांब ओसरतं. त्याचा जोर त्याच दिवशी संपत नाही, पुढचे दोन-तीन दिवस टिकतो. म्हणून द्वितीया ते चतुर्थी हे कुलाब्याचे दिवस. समुद्र लांब गेलेला असतो आणि ओहोटी सकाळच्या उजेडात पडते. नेमक्या पौर्णिमेला पूर्ण ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला येते, ती काय कामाची?

रविवारी तृतीया आहे, म्हणजे पूर्ण भरती सव्वादोनला आणि सकाळची ओहोटी आठच्या सुमारास. पाऊणपटीचा हिशेब अर्धा तास इकडेतिकडे होतो, एखादी तिथी क्षयाची आली तर जास्तच. तेव्हा आदल्या रात्री फोनवर मुंबईचं भरतीचं वेळापत्रक बघून घे, अलिबागचा फरक किरकोळ आहे. मात्र नुसत्या फोनच्या भरवशावर राहू नकोस. दोन्ही आकडे जुळले तरच निघायचं.

सव्वासात वाजता वाळूवर हजर राहा. पाणी उतरत असतानाच निघायचं, चढू लागल्यावर नाही. वाट पंधरा-वीस मिनिटांची आहे. घोडागाड्या जातात त्यांच्या चाकांच्या चाकोऱ्या ओल्या वाळूत उमटलेल्या दिसतील, त्या धरून चाला. गाडीवाल्याला कठीण जमीन कुठे आहे ते ठाऊक असतं. आडवे गेलात तर मऊ चिखल लागतो, आणि किल्ल्याजवळ खडक. खडकावर दोन गोष्टी असतात, शेवाळ आणि कालवं. शेवाळावर घसरायला होतं आणि कालवांच्या कडा पात्यासारख्या लागतात, म्हणून अनवाणी जायचं नाही. रबरी चपलाही नकोत, त्यांचे अंगठे चिखलात सुटतात. मागे पट्टा असलेल्या सँडल घाला. त्या ओल्या झाल्या तर झाल्या.

तुझ्या मित्राच्या आईचे गुडघे दुखतात असं लिहिलंयस. त्यांना घोडागाडीने पाठव. दर आधीच ठरव आणि तीन गोष्टी विचार: दर माणशी आहे की गाडीचा, येणं-जाणं दोन्हीचा आहे का, आणि आत किती वेळ थांबतील. हे न विचारल्यामुळेच परतीच्या वेळी वाद होतो, आणि तो नेमका पाणी चढत असताना होतो.

आत तासभर पुरे. साडेआठला निघायला लागा, पावणेनऊच्या पुढे कोणालाही आत थांबू देऊ नकोस. लोक अडकतात ते या समजुतीने की पाणी सारख्या वेगाने चढतं. तसं नसतं. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा पाणी येतं, त्यामुळे ‘अजून तर काहीच नाही’ असं वाटतं. तिसऱ्या-चौथ्या तासात मात्र निम्मं पाणी येतं. शिवाय ते समोरूनच येईल असं नाही. वाळू सपाट नाही, सखल भाग आधी भरतात आणि तुमच्या मागची वाट तुटते. तरीही वेळ चुकलीच तर पाण्यात उतरायचं नाही. किल्ल्यातच थांबायचं आणि पुढच्या ओहोटीची किंवा होडीची वाट बघायची. सहा तास बसल्याने कोणाचं काही बिघडत नाही.

शनिवारी संध्याकाळी समुद्र असाच लांब गेलेला दिसेल, कारण दुसरी ओहोटी सूर्यास्तानंतर तासाभराने आहे. कोणीतरी ‘चला आत्ताच’ म्हणेलच. ऐकायचं नाही, परतताना काळोख होतो.

किल्ल्यात काय बघायचं ते थोडक्यात. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधकाम सुरू केलं, संभाजी महाराजांच्या काळात ते पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांचं हे मुख्य ठाणं होतं. तटाजवळ जाऊन दगडांच्या सांध्यात बोट घालून बघ, चुना नाही. मोठे दगड नुसते एकमेकांवर बसवले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा मार तिथेच विरतो. बांधणारे समुद्र ओळखून होते. आत राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेलं सिद्धिविनायकाचं मंदिर आहे, गणेशपंचायतन. त्याच्याजवळ गोड्या पाण्याची पुष्करणी. चहूबाजूंना खारं पाणी आणि मधे हे गोडं, पाहुण्यांना हे नक्की दाखव. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यावर यॉर्कशायरच्या कारखान्याचं नाव वाचता येतं. बाजूचा छोटा कोट म्हणजे सर्जेकोट. पुरातत्त्व खात्याचं तिकीट लागतं, सुटे पैसे ठेव. प्यायचं पाणी प्रत्येकाने बरोबर न्यायचं, आणि बाकीचे विधी किनाऱ्यावरच उरकून निघायचं.

आता येण्याचं. गेटवेहून मांडव्याची बोट घ्या, गाडी आणू नका. रस्त्याने पनवेल-पेण-वडखळ करत शंभरेक किलोमीटर होतात आणि शनिवारी सकाळी ते तीन तासांत होतील असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. बोटीला तासभर लागतो, आणि मांडव्याहून अलिबागच्या बसचं भाडं तिकिटातच असतं. म्हणून बोटीतून उतरल्यावर तिकीट फेकू नका, बसमध्ये दाखवावं लागतं. गाडी आणायचीच असेल तर भाऊच्या धक्क्यावरून रो-रो आहे, पण तिचं आरक्षण आधी करावं लागतं आणि धक्क्यावर वेळेच्या बरंच आधी पोचावं लागतं. बोटीवर लोक पांढऱ्या पक्ष्यांना शेव-गाठ्या टाकतात. तुम्ही टाकू नका, ते त्यांचं खाणं नव्हे. परतताना रविवारी संध्याकाळी मांडव्याला रांग धक्क्याबाहेर जाते, त्यामुळे दुपारी दोन-तीनची बोट धरा. पावसाळ्यात गेटवेच्या बोटी बंद असतात. फेब्रुवारीत तो प्रश्न नाही.

आणि ज्याची गाडी असेल त्याला सांग, वाळूवर घालायची नाही. ओली वाळू वरून कठीण दिसते, पण चाक फिरलं की खालून पाणी सुटतं आणि ते आणखी रुततं. मग भरती येते, आणि ट्रॅक्टरवाला दर ठरवतो.

शनिवारी दुपारी दीडला पूर्ण भरती आहे, म्हणजे पोहायचं असेल तर साडेअकरा-बाराला, पाणी चढत असताना. ओसरत्या पाण्यात पोहू नका, ते माणसाला आत ओढतं. अलिबागच्या किनाऱ्याची वाळू काळी आणि सपाट आहे, तिथे चालायला छान. पोहायला वरसोली किंवा नागाव बरं. काशीदचं नाव कोणीतरी काढेल. ते तीस किलोमीटर लांब आहे, पाणी सुंदर दिसतं, पण किनारा पटकन खोल होतो आणि लाटेला जोर असतो. तिथे पाय भिजवून परत यायचं.

चारनंतर रेवदंड्याच्या रस्त्याला लागा, सतरा-अठरा किलोमीटर आहे. वाटेत अक्षीला शिलालेख आहे, शिलाहार राजा केसिदेवाच्या काळातला. त्यावरचं वर्ष शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असं वाचलं गेलं आहे, आणि तो मराठीतला सर्वांत जुना शिलालेख मानणारे अभ्यासक आहेत. बघायला पाच मिनिटं लागतात, पण मराठी माणसाने तिथून न थांबता पुढे जावं हे मला पटत नाही. पुढे चौलला रामेश्वर, आणि रेवदंड्याला पोर्तुगीजांची तटबंदी, जी आजचा रस्ता चिरून जातो. सातखणी मनोऱ्याचे वरचे मजले गेले आहेत. तिथली वाट नारळ-सुपारीच्या वाड्यांतून जाते, त्या लोकांच्या मालकीच्या आहेत. पडलेला नारळही विचारल्याशिवाय उचलू नका. कनकेश्वर या खेपेला सोड, सातशेच्या वर पायऱ्या आहेत आणि गुडघेवाल्या बाई बरोबर आहेत.

परत आल्यावर गावात कान्होजींची समाधी बघून घ्या. चुंबकीय वेधशाळा आधी परवानगी घेतल्याशिवाय आतून बघता येत नाही, पण तिची गोष्ट पाहुण्यांना सांग. मुंबईत ट्रामगाड्या विजेवर चालणार होत्या, त्यामुळे मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतल्या सुया बिघडल्या असत्या, म्हणून १९०४ साली ती इथे आली. कुलाब्याहून निघाली ती पुन्हा कुलाबा किल्ल्यासमोरच.

जेवण. घरगुती सोयीत राहणार असाल तर मासळी सकाळीच सांगून ठेवा, दुपारी सांगाल तर उरलंसुरलं मिळेल. सुरमई-पापलेट सगळीकडे मिळतं. इथे येऊन जिताडा विचार. खाडीतला आणि शेततळ्यातला मासा, कालवणाला त्याच्यासारखा दुसरा नाही. भाव आकारावर असतो, तेव्हा मासा डोळ्यांनी बघ आणि भाव ठरव, मग कापायला सांग. न खाणाऱ्यांना वालाचं बिरडं.

शनिवार रात्रीसाठी पोपटी, म्हणजे मडक्यात शेंगा शिजवायचा बेत, आदल्या दिवशी सांगून ठेव. ती ऐनवेळी होत नाही, मडकं, पाला आणि शेंगा जमवाव्या लागतात. तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मधे अंडी, बटाटे, मसाला लावलेलं चिकन, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला दाबून बसवलेला. पाण्याचा थेंब नाही. मडकं पालथं घालून भोवती पातेरं-गवत पेटवतात, अर्धा तास किंवा थोडं जास्त. झालं की नाही ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात. चुर्र होऊन लगेच उडालं तर झालं. दोनच ठिकाणी बिघडते: पाला सैल राहिला तर वाफ निघून जाते आणि शेंगा कोरड्या पडतात, आणि भांबुर्डीऐवजी दुसराच पाला घातला तर नुसत्या भाजलेल्या शेंगा होतात. तेव्हा आधी विचारून घे, ‘भांबुर्डी आहे ना?’ शाकाहारी लोकांसाठी मडकं वेगळं लावायला सांग.

निघताना कार्लेखिंडीच्या बाजूला पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतील. खरा कांदा कार्ले, खंडाळे, नेहुली या भागातला. माळ त्याच्याच वाळलेल्या पातीने विणलेली असते, सुतळीने ओवलेली नव्हे. मान बारीक आणि कोरडी असेल ती घे, मान ओली असेल तर महिन्यात कुजतो. पिशवीत कोंबून नेऊ नकोस. घरी गेल्या गेल्या वाऱ्यावर टांग.

आपल्यासाठीही दोन माळा घेऊन घरी ठेव. किल्ली शेजारी काकूंकडे आहे, माळा मागच्या पडवीतल्या खुंटीला लाव. मोरीकडच्या नको, तिथे ओल असते.

तुझे,
बाबा