दाबोळीच्या मनोऱ्यातून आलेल्या आवाजास

आदरणीय महोदया,

आपले नाव मला ठाऊक नाही. मे महिन्यातील एका दुपारी माझे विमान ढगात सापडले, तेव्हा विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यातून रेडिओवर मला सावरून खाली आणणारा आवाज आपला होता. त्या दुपारनंतर मी दोनदा दाबोळीच्या नौदल तळाच्या फाटकाशी येऊन गेलो. दुसऱ्या खेपेला घरच्या झाडाच्या मानकुराद आंब्यांची पेटी बरोबर आणली होती. फाटकावरच्या जवानाने ती अत्यंत अदबीने परत केली आणि त्या दिवशी ड्यूटीवर कोण होते, हे सांगण्याची आपल्याला मुभा नाही, असेही सांगितले. त्याचे बरोबरच होते. परंतु आभार मानल्यावाचून मला चैन पडत नाही, म्हणून हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे. ते कोणीतरी आपल्यापर्यंत पोहोचवील, अशी आशा आहे.

घाटापलीकडून निघून मोपाच्या विमानतळावर उतरायचे, एवढाच माझा त्या दिवसाचा बेत होता. सेसना १७२ हे एका इंजिनाचे छोटे विमान, त्यात मी एकटा, आणि माझ्या नोंदवहीत सगळे मिळून ६१ तासांचे उड्डाण. समुद्रावरून येणारी दमट हवा सह्याद्रीला अडून वर चढते, उन्हाच्या तापाने ढगांना बळ येते आणि तिसऱ्या प्रहरी वळीव कोसळतो, हे आमच्या डिचोलीतला कोणताही शेतकरी सांगेल. म्हणूनच निघण्यापूर्वी मी, ज्यांच्याकडून विमान घेतले होते, तिथल्या जबाबदार गृहस्थांना घाटावरच्या हवेविषयी मुद्दाम विचारले. त्यांनी समोरच्या पडद्याकडे न पाहताच हात हलवला आणि ‘काही होत नाही, तासाभरात पोहोचाल’ असे सांगितले. पुढे कागदपत्रांच्या घोळात दीड तास गेला, तरी हवा पुन्हा एकदा पाहून घेऊ या, असे कोणालाही वाटले नाही. मलाही वाटले नाही. विमान घेऊन वर जाण्याचा निर्णय माझा होता आणि त्याची जबाबदारी मी कोणावर ढकलत नाही. पण ज्यांच्या विश्वासावर नवशिका उडतो, त्यांनी दोन मिनिटे तरी द्यायला हवी होती, हे मी आजही म्हणेन.

तिळारी धरणाचे पाणी खाली चमकताना पाहिले, तेवढीच मला दिसलेली शेवटची ओळखीची खूण. समोरचा ढग बाजूने टाळता येईल, असे वाटत होते. पाहता पाहता तो दोन्ही अंगांनी पसरला, आणि मागे वळावे म्हटले तर आलेली वाटही मिटून गेली होती. असे गडगडाटी ढग बारा-बारा किलोमीटर उंच वाढतात. माझे विमान फार तर चार किलोमीटरपर्यंत चढू शकते. त्यामुळे वरून निसटण्याचा प्रश्नच नव्हता, आणि खाली सह्याद्रीचे कडे होते. माझ्यासारख्या परवानाधारकाने जमीन आणि क्षितिज डोळ्यांनी पाहतच उडायचे असते. ते दोन्ही एकदम नाहीसे झाले.

ढगात शिरल्यावर माणसाचा कानच त्याला फसवतो. वळण एकसारखे चालू राहिले, की आतल्या कानातील द्रव स्थिर होतो आणि आपण सरळ चाललो आहोत, अशी शरीराची ठाम खात्री पटते. माझीही पटली होती. समोरचे कृत्रिम क्षितिज मात्र डावा पंख चांगलाच खाली गेल्याचे दाखवत होते, आणि मला ते उपकरणच बिघडले आहे, असे वाटत होते. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने १९५४ मध्ये अशा प्रसंगाचा अभ्यास केला होता. केवळ उपकरणांवर उडण्याचा सराव नसलेल्या २० वैमानिकांपैकी प्रत्येकाचा विमानावरील ताबा सुटला, आणि तो सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. हा आकडा मी परीक्षेसाठी पाठ केला होता. त्या दुपारी त्यातले किती सेकंद सरले असतील, एवढेच मनात येत होते.

मी रेडिओवर मदत मागितली आणि आपण उत्तर दिलेत. विमानात किती जण आहेत, इंधन किती वेळ पुरेल, हे आपण शांतपणे इंग्रजीतून विचारलेत. मी उत्तरे दिली. पण त्यानंतर बोलण्याचे बटण सोडायचे भान मला राहिले नसावे, कारण तोंडून निघालेले ‘देवा मंगेशा’ आपल्याला ऐकू गेले. क्षणभर शांतता पसरली. मग आपण म्हणालात, “काका, कंट्रोल घट्ट धरलाय ना? मूठ सोडा. दोन बोटांनी धरा, फक्त दोन बोटांनी.”

महोदया, त्या एका वाक्याविषयीच मला खरे तर हे पत्र लिहायचे आहे. मी खाली पाहिले तर माझी मूठ पांढरी पडली होती. (रात्री घरी पोहोचलो तेव्हाही तळहातावर नखांच्या चार चंद्रकोरी तशाच होत्या.) भीतीपोटी मी कंट्रोल नकळत मागे ओढत होतो, नाक वर चढत होते आणि वेग उतरत होता. मी एकेक बोट सोडवले. अंगठा आणि तर्जनी एवढीच ठेवली. तसे विमान थोडे डुलले आणि आपले आपण सावरले. नीट जुळवून दिलेली सेसना मोकळी सोडली, की स्वतःच सरळ राहू पाहते, हे मला शिकवलेले होते. पण शिकवलेले आठवायला डोके ठिकाणावर असावे लागते, आणि ते आपल्या ‘काका’ या हाकेने ठिकाणावर आणले. माझ्या आवाजावरून आपण माझे वय ओळखलेत, की घाबरलेल्या माणसाला आपल्या घरच्या भाषेची गरज आहे हे ओळखलेत, ते मला सांगता येणार नाही. कोणत्याही नियमपुस्तकात ते लिहिलेले नसणार.

त्यानंतरची १९ मिनिटे आपण मला एका वेळी एकच गोष्ट सांगत होता. आधी पंख सरळ करून घेतलेत, मग थोडे उजवीकडे वळवलेत, मग जरा थांबायला सांगितलेत. मध्ये बोलण्यासारखे काही नसले, तरी “मी इथेच आहे” एवढे सांगायला आपण विसरला नाहीत. मोपाचा नाद सोडायला लावून आपण मला पश्चिमेला समुद्रावर नेलेत, कारण तिकडे ढग विरळ होते आणि खाली येताना आड येणारा डोंगर नव्हता. प्रवासी विमानांना आपण बाहेर घिरट्या घालत ठेवले होते, आणि त्यांच्यापैकी कोणीही मध्ये एक शब्द बोलले नाही. त्या अनोळखी वैमानिकांचेही मी आभार मानतो. अचानक खालून करडे पाणी दिसले, मुरगाव बंदराबाहेर थांबलेली जहाजे दिसली, आणि थोड्याच वेळात वाऱ्यासमोर तोंड करून मी समुद्राच्या बाजूने दाबोळीच्या धावपट्टीवर उतरलो.

उतरल्यावर मी पहिला फोन ज्यांचे विमान होते त्यांना केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, “विमानाला काही झालं नाही ना?” दुसरा प्रश्न आलाच नाही. त्या प्रश्नाने मला भीतीपेक्षा जास्त दुखावले, आणि म्हणूनच आपले दोन बोटांचे वाक्य मला वारंवार आठवत राहते. फेरीबोटीचा फळका वर घेता घेता, धापा टाकत धक्क्यावर येणाऱ्या एखाद्या म्हातारीसाठी क्षणभर थांबणारा खलाशी आपल्या गोव्यात आजही भेटतो. त्याला त्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, कोणी त्याची नोंदही करत नाही. समोरचा माणूस त्याला दिसतो, एवढेच. आपल्याला तर मी दिसतही नव्हतो. पडद्यावरचा एक ठिपका होतो.

आंबे मी शेजारी वाटून टाकले. हल्ली दुसऱ्या ठिकाणी, एका काटेकोर प्रशिक्षकांकडे, उपकरणांवर उडण्याचा सराव पहिल्यापासून करतो आहे. कंट्रोल दोन बोटांनी धरतो, हे पाहून त्यांनी कोणी शिकवले म्हणून विचारले, तेव्हा मी आपल्याविषयी सांगितले. पाऊस ओसरला, की त्यांच्यासोबत त्याच वाटेने दाबोळीला यायचे ठरवले आहे. त्या दिवशी आपण मनोऱ्यात असाल, तर नेहमीच्या इंग्रजीतच बोला. मी आवाज ओळखेन.

आपला ऋणी,
डिचोलीचा एक खासगी वैमानिक