दापोलीच्या घराचा हिशेब

चि. ताईस, अनेक आशीर्वाद.

पुण्याची नोकरी सोडून दापोलीजवळच्या आपल्या साडेपाच एकरांत, आजोबांच्या घरासह, शहरातल्या माणसांसाठी विसाव्याचे ठिकाण चालवावे हा तुझा विचार मला मनापासून आवडला, आणि म्हणूनच तुझ्या हिशेबात जे राहून गेले आहे ते लिहितो. तू सगळा खर्च दर पाहुण्यामागे धरला आहेस. या घराचा मोठा खर्च मात्र एकही पाहुणा नसला तरी होतो, आणि ऐन पावसाळ्यात, खोल्या रिकाम्या असताना, तो सर्वांत वाढतो.

छपराचेच घे. मंगलोरी कौले दर मे महिन्यात शाकारावी लागतात. फुटकी कौले व कुजलेल्या रिपा बदलायच्या, कोने म्हणजे माथ्यावरची कौले तपासायची, पश्चिमेच्या भिंतींना पावसाचा मारा अडवणाऱ्या झड्या बांधायच्या. एक वर्ष हयगय झाली, तर जांभ्याच्या भिंतीत मुरलेली ओल वाशांपर्यंत जाते आणि मागोमाग वाळवी येते. गावात कौलांवर चढणारी माणसे आता दोनच उरली आहेत, त्यामुळे मजुरी ते म्हणतील ती. शिवाय ३ जून २०२० चे निसर्ग वादळ तू विसरली नसशील. निम्मे छप्पर गेले, कौले मिळेनात, आणि तुझ्या आईने व मी तो सारा पावसाळा ताडपत्रीखाली काढला. म्हणून उत्पन्नाचा दहावा हिस्सा छपरासाठी निराळ्या खात्यात ठेव आणि त्याला दुसऱ्या कशासाठीही हात लावू नकोस.

पाण्याचा हिशेब तू टँकरवर सोडला आहेस, तो मला पटला नाही. बारा खोल्यांत चोवीस माणसे आणि माणशी १३५ लिटर धरले, तर दिवसाला सव्वातीन हजार लिटर लागतात. चादरी धुण्याचे पाणी वेगळेच. एप्रिलमध्ये आपल्या विहिरीचा तळ दिसतो. दुसरीकडे, तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात ३०० चौरस मीटरच्या छपरावरून नऊ लाख लिटर पाणी वाहून जाते. त्यातले दोन लाख लिटर साठवणारी टाकी बांधली, तर एप्रिल-मे निभावतात. खोल्यांना रंग देण्याआधी ती टाकी बांध.

विजेची व्यापारी जोडणी घेतलीस की युनिट न जळताही स्थिर आकार भरावाच लागतो. जनरेटरचे डिझेल, सेप्टिक टाकीचा उपसा आणि वणव्याच्या भीतीने फेब्रुवारीत काढायचे गवत हे खर्च लहान आहेत, पण वहीत मांडून ठेव.

राखणदार जोडप्याचा पगार मात्र बाराही महिन्यांचा धर. चार महिने त्यांना घरी बसवून ऑक्टोबरात परत बोलावण्याचे तू लिहिले आहेस, ते मला मान्य नाही; भर पावसात रात्री उठून पन्हळीतला पाला काढणारी तीच माणसे आहेत.

१० मेपासून शाकारणी सुरू होईल. तो आठवडा रजा घेऊन ये, म्हणजे गेल्या अकरा वर्षांच्या खर्चाच्या वह्या आपण दोघे मिळून पाहू.

तुझे बाबा