अर्धा गुडघा बदलला, तरी वाटीमागे दुखते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात गुडघ्याचे अर्धवट सांधेरोपण करून घेतलेली मराठवाड्यातली माणसे सोयाबीन काढणीच्या तोंडावर पुन्हा दवाखान्यात दिसू लागतात. तक्रार बहुधा एकच असते: आतल्या बाजूचे जुने दुखणे गेले, पण आता पुढून, वाटीच्या मागे कळ येते. घरचे म्हणतात, सांधा सैल झाला. कोणी सांगतो, वाटी बदलायची राहून गेली. कुठे कुठे तर लगेच पूर्ण सांधा बदलण्याचा सल्ला मिळतो. या घाईमुळे रुग्णांचे नुकसान होते, म्हणून हे पत्र.

गुडघ्यात तीन कप्पे असतात: आतला, बाहेरचा आणि वाटीमागचा. अर्धवट रोपणात बहुतेक वेळा फक्त आतला कप्पा बदलतात. मांडीच्या हाडाला धातूची टोपी, नडगीच्या हाडावर धातूची बैठक आणि मध्ये प्लास्टिकची गादी बसते. वाटी मूळचीच राहते. १९८९ मध्ये कोझिन आणि स्कॉट या हाडांच्या सर्जनांनी घातलेल्या अटींनुसार वाटीमागे हाड उघडे पडलेले असेल, वजन ८२ किलोंच्या वर असेल किंवा काम अंगमेहनतीचे असेल, तर हे ऑपरेशन टाळायचे होते. पुढे ऑक्सफर्डच्या सर्जनांच्या अनुभवातून दिसले की वाटीमागची साधारण झीज निकाल बिघडवत नाही. वाटीच्या बाहेरच्या बाजूचे हाड खोलवर झिजून खोबण पडली असेल, तर मात्र विचार बदलावा लागतो. तेव्हा ‘वाटी ठेवली म्हणून दुखते’ हे सरसकट खरे नाही.

सगळ्यात जास्त आढळणारे कारण मांडीत असते. मांडीचा पुढचा स्नायू वाटीला तिच्या खाचेत सरळ चालवतो. दुखऱ्या पायावर वर्षानुवर्षे भार न दिल्याने तो आधीच सुकलेला असतो आणि ऑपरेशननंतरच्या सुजेने आणखी सुस्तावतो. वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंमी वर शिंप्याच्या टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजून पाहा. ऑपरेशनच्या बाजूला दोन सेंमी कमी भरला, तर पायऱ्या उतरताना किंवा खुर्चीवरून उठताना कळ का येते याचा अर्धा उलगडा तिथेच होतो. अशा मांडीनिशी माणूस खुरपणीला उकिडवा बसला की वाटीवर देहाच्या वजनाच्या कित्येक पट दाब पडतो.

हा स्नायू भरायला घरी करायचे व्यायाम सोपे आहेत. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच आकडे धरून सोडायची. मग पाय ताठ ठेवून वीतभर उचलायचा, पुन्हा पाच आकडे. प्रत्येकी १० वेळा, दिवसातून तीनदा. हे सहज जमू लागले की अर्धा किलो ज्वारीची कापडी पिशवी घोट्याला बांधावी. पुढची पायरी म्हणजे हात न टेकता खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे. बसताना धप्पकन पडू नये, कारण खरी ताकद त्या खाली येण्यातच वाढते. व्यायामाने वाढलेले दुखणे दुसऱ्या दिवशी सकाळीही टिकले, तर संख्या निम्मी करावी. बंद करू नये. स्नायू भरायला किमान तीन महिने लागतात. गाव ते शहर एसटीच्या फेऱ्या परवडत नाहीत म्हणून फिजिओथेरपी दोन आठवड्यांत सुटते, आणि घोडे नेमके इथेच पेंड खाते.

शेकण्याबद्दल कळकळीने सांगावेसे वाटते. चिरेच्या बाहेरच्या बाजूचा तळहाताएवढा भाग बधिर होऊ शकतो, कारण कातडीची बारीक नस चिरेत कापली जाते. तिथे गरम वीट किंवा तव्यावर तापवलेले फडके ठेवले तर भाजलेले कळत नाही. बिब्बा तर मुळीच लावू नये. त्याने उठलेल्या फोडांतून जंतू सांध्यापर्यंत पोहोचले, तर चांगले बसलेले रोपणही काढावे लागते. गुडघा टेकल्याने रोपण बिघडत नाही, फक्त बधिरपणामुळे चमत्कारिक वाटते. जखम पूर्ण भरल्यावर सर्जनला विचारून गोधडीच्या घडीवर थोडा थोडा सराव करावा.

दोष रोपणातही असू शकतो, ते नाकारून चालणार नाही. टोपीची पुढची कड वर आली असेल तर गुडघा वाकवताना ती वाटीला घासते. बैठक आतल्या बाजूला हाडाच्या कडेपेक्षा ३ मिमीहून जास्त पुढे आली, तर तिथले मऊ भाग चोळले जातात. रोपण हाडाला चिकटवणाऱ्या सिमेंटचा सुटा तुकडा अडकतो, किंवा जाड गादीमुळे पाय बाहेर झुकून बाहेरचा कप्पा झिजतो. यासाठी उभे राहून समोरून, बाजूने आणि गुडघा वाकवून वाटीचा, असे तीन एक्स-रे हवेत. झोपवून काढलेल्या एकावर निदान होत नाही. खुबाही तपासावा, कारण खुब्याचे दुखणे गुडघ्यात उतरते. एक्स-रेमध्ये नडगीवरच्या बैठकीखाली मिलिमीटरभर जाडीची, स्पष्ट कडेची आणि न वाढणारी काळी रेघ अनेकदा दिसते. ती सैलपणाची खूण नव्हे, पण तिच्यावर बोट ठेवून पूर्ण सांधा बदलला गेला आणि दुखणे जिथल्या तिथे राहिले, असे घडते. कारण न सापडता केलेल्या दुसऱ्या ऑपरेशनचा गुण कमी येतो. आतल्या-पुढच्या बाजूला, सांध्याच्या जरा खाली दुखत असेल, तर बैठकीखालचे हाड नव्या भाराला सरावत असते. त्याला कित्येक महिने द्यावे लागतात.

थांबायचे नाही ते वेगळे. ताप, जखमेतून स्राव, अचानक पाय टेकता न येणे, गुडघा एकाएकी अडकणे, पोटरी सुजून दम लागणे, यातले काही झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. जंतुसंसर्गाची शंका असेल आणि प्रकृती स्थिर असेल, तर सांध्यातले पाणी तपासायला काढण्याआधी गावात अँटिबायोटिक सुरू करू नये, नाहीतर जंतू सापडत नाहीत. बदललेल्या सांध्यात परस्पर इंजेक्शनही घेऊ नये.

रुग्णालयांना एक विनंती: सुट्टी देताना व्यायामाचा कागद मराठीत, चित्रांसह द्यावा, आणि तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत आठवड्यातून एक दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसावा. रुग्णांनीही रोपणाच्या भागांचे स्टिकर लावलेले कार्ड आणि ऑपरेशननंतरचा पहिला एक्स-रे जपून ठेवावा. काळी रेघ वाढली की तेवढीच राहिली, हे त्या पहिल्या फिल्मशी ताडूनच कळते.

— एक फिजिओथेरपिस्ट, लातूर