दुबळ्या हॅमस्टरला आधी ऊब, मग पाणी, मग खाणे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वार्षिक परीक्षा संपल्या की पेट शॉपमध्ये पालकांची वर्दळ वाढते. कुत्र्याला किंवा मांजराला घरून नकार मिळालेल्या मुलांची समजूत बऱ्याचदा हॅमस्टर हा उंदरासारखा छोटा प्राणी घेऊन काढली जाते. जागा कमी लागते, आवाज नाही, सोसायटीची हरकत नाही. त्यातही मुले नेमके सर्वांत चिमुकले, कोपऱ्यात गप्प बसलेले पिल्लू निवडतात. अंगात त्राण नसते म्हणून ते गप्प असते. अशी पिल्ले घरी आल्यावर काही दिवसांतच दगावतात, आणि त्याला हेळसांडीइतकीच वेडी माया कारणीभूत असते : दूध पाजणे, अंघोळ घालणे, घरातल्या बाळाचे औषध देणे. म्हणून हा पत्रप्रपंच.

पिल्लू खरोखर दुबळे आहे का, हे आधी ठरवावे. आपल्याकडे मोठा सिरियन हॅमस्टर आणि छोट्या जातींचा ड्वार्फ असे दोन्ही विकले जातात. सिरियनचे पिल्लू जन्मतः दोन-तीन ग्रॅमचे असते, दोन आठवड्यांच्या सुमारास डोळे उघडते आणि साधारण तीन आठवड्यांनी आईचे दूध सुटते, तेव्हा ते 35 ते 40 ग्रॅम भरते. पूर्ण वाढलेला सिरियन शंभर ग्रॅमच्या वर जातो. ड्वार्फ मात्र वाढ पूर्ण होऊनही 30 ते 50 ग्रॅमचाच राहतो आणि त्यांतलाच पांढऱ्या भुवयांचा रोबोरोव्हस्की तर 20-25 ग्रॅमचा. तेव्हा जात न पाहता ‘हा वाढतच नाही’ म्हणून ड्वार्फला चारत सुटू नये. दूध सुटलेले सिरियन पिल्लू 30 ग्रॅमच्या खाली असेल, पाठ कमानीसारखी काढून बसत असेल, अंगावरचे केस पिंजारलेले असतील आणि हात लावल्यावर पळत नसेल, तर काळजीचे कारण आहे.

घरात एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असला, तर अर्धे काम झाले. काट्यावर खोलगट वाटी ठेवून आकडा शून्यावर आणावा, पिल्लू वाटीत ठेवावे आणि रोज संध्याकाळी एकाच वेळी वजन लिहून ठेवावे. दूध सुटलेल्या सिरियन पिल्लाचे वजन रोज एखादा ग्रॅम तरी वाढायला हवे. सलग दोन दिवस ते घटले तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टर गाठावा. 30 ग्रॅमच्या जिवाचे तीन ग्रॅम गेले म्हणजे दहावा हिस्सा गेला.

आता मुख्य मुद्दा. गार पडलेल्या पिल्लाला खायला घालू नये. एवढ्याशा शरीरातली ऊब झपाट्याने निघून जाते आणि अंग गार असले की आतडी काम करेनाशी होतात. पोटात गेलेले अन्न पचत नाही, तसेच कुजते. म्हणून पहिला तासभर फक्त ऊब. एका छोट्या प्लास्टिकच्या बाटलीत हाताला सोसेल इतके गरम पाणी भरावे, ती मोज्यात घालून खोक्याच्या एका टोकाला ठेवावी. दुसरे टोक मोकळे ठेवायचे, म्हणजे गरम वाटले तर पिल्लाला बाजूला सरकता येते. पाणी दोन-तीन तासांनी बदलावे, रात्रीसुद्धा. घरट्यात 26 ते 28 अंश पुरेत. गरम पाण्याची रबराची पिशवी खोक्याच्या आत ठेवू नये, पिल्ले ती कुरतडतात. खोक्यावर बल्ब लावून ठेवण्याची पद्धत आहे, पण उजेडाने हा निशाचर प्राणी बेजार होतो आणि बंद खोक्यात उष्णता कधी जास्त झाली ते कळतही नाही. विदर्भ-खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत प्रश्न उलटा असतो : तीसच्या वर पारा गेला की धडधाकट हॅमस्टरही धापा टाकतो. मात्र एसीचा झोत थेट पिंजऱ्यावर नको.

निफाड-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत सकाळी हॅमस्टर गार आणि ताठ झालेला सापडला, तर तो मेला असे धरून लगेच पुरू नये. मिशांकडे आणि छातीकडे काही मिनिटे टक लावून पाहावे. थंडीने तो शीतनिद्रेत गेला असेल, तर मिनिटाला एखाद-दुसरा श्वास चालू असतो. ओंजळीत धरून हळूहळू ऊब द्यावी. एकदम हीटरसमोर धरू नये.

ऊब आली की पाणी. दुकानातल्या बाटलीची नळी मोठ्यांच्या उंचीला लावलेली असते, लहानग्याचे तोंड तिथवर पोचत नाही. कित्येकदा नळीतली गोळी इतकी घट्ट असते की त्याच्या जिभेने ती हलतच नाही. बोट लावून थेंब येतो का पाहावे, आणि पिल्लू चार पायांवर उभे असताना तोंड पोचेल इतक्या खाली नळी आणावी, पण अंथरुणाला टेकू देऊ नये, नाहीतर कागद पाणी शोषतो आणि बाटली रिकामी होते. वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके, म्हणजे 30 ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला सुमारे 3 मिलीलीटर पाणी लागते. बाटलीवर पेनने खूण केली की किती संपले ते कळते.

मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर पटकन खाली बसत नसेल, डोळे खोल गेले असतील, तर शरीरातले पाणी कमी झाले आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी, एक लिटर पाण्यात घालायची ओआरएसची पुडी पूर्ण एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात विरघळवावी. खोक्यातून मिळणारी गोड तयार पेये नकोत. एक मिलीलीटरच्या सिरिंजची सुई काढून टाकून ओठांच्या कडेला एक थेंब लावावा, पिल्लू चाटेल. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा एक-दोन थेंब. सिरिंज दाबून तोंडात पाणी सोडले तर ते श्वासनलिकेत जाते, आणि न्यूमोनिया झालेले पिल्लू वाचवणे फार कठीण. केलेले ओआरएस 24 तासांनी फेकून द्यावे.

आता खाणे. गायीच्या दुधाने जुलाब होतात, हे एकदा स्पष्ट लिहिलेले बरे. बाळाच्या डब्यातल्या दुधाच्या भुकटीचे आणि साखरेच्या पेजेचे तेच. वाढत्या पिल्लाला प्रथिने हवीत. वाटाण्याएवढा उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, बिनमिठाच्या पनीरचा तेवढाच तुकडा, पाण्यात भिजवून मऊ केलेले साधे ओट्स किंवा शिजवलेला दलिया, दोन-चार मोड आलेले मूग, यांपैकी एक-दोन गोष्टी आलटून पालटून द्याव्यात. सोबत राळे, ज्वारी, बाजरी असे कोरडे धान्य ठेवावे. नाचणीचे सत्त्व पाण्यात शिजवून, साखर न घालता, अगदी अशक्त पिल्लाला बोटावर चाटवता येते. दुकानातल्या मिश्रणातल्या सूर्यफुलाच्या बिया ते आधी वेचून खाते आणि बाकीचे टाकते, म्हणून दिवसाला एक-दोनच. चिकट भात गालातल्या पिशव्यांत अडकून बसतो. कांदा, लसूण, संत्रे-मोसंबी, चॉकलेट, कच्चा राजमा घरात कोणीही देऊ नये, आजीने प्रेमाने दिला तरी.

हॅमस्टर अन्न खाण्याआधी साठवतो, त्यामुळे रिकाम्या वाटीवरून पिल्लाने खाल्ले असे मानणे चुकीचे. घरट्याचा कोपरा हलकेच उघडून पाहावा. तिथे कालचे अंडे सापडते. ओले अन्न तीन-चार तासांनी काढून टाकावे. कोरडे दाणे मात्र त्याच्या साठ्यात राहू द्यावेत. ते स्वतःची लेंडी खाते, तेही अडवू नये. त्यातून त्याला जीवनसत्त्वे मिळतात.

घरटे बिनवासाच्या टिश्यू पेपरच्या फाडलेल्या पट्ट्यांचे करावे. कापूस नको : तंतू पायाला गुंडाळले जातात, गिळले तर आतडे बंद होते. सुताराच्या भुशात पॉलिश आणि प्लायवूडचा डिंक असतो. मजल्यांचा जाळीचा पिंजरा आणि पळण्याचे व्हील (चाक), दोन्ही आठवडाभर बाजूला ठेवावीत. पडून पाय मोडतो आणि धावण्यात मिळवलेली ताकद संपते. त्याला दुसऱ्या पिल्लापासून वेगळे करावे. सिरियन मुळातच एकटा राहणारा प्राणी आहे, जोडीतले दणकट पिल्लू दुबळ्याला खाऊ देत नाही. अंग घाण झाले तर कोमट पाण्यात पिळलेल्या कापडाने पुसून लगेच कोरडे करावे. अंघोळ म्हणजे पुन्हा गारठा.

शेपटीखालचा भाग ओला, चिकट, दुर्गंधीयुक्त दिसला तर तो वेट टेल हा आजार असू शकतो. तीन ते आठ आठवड्यांच्या पिल्लांत तो जास्त दिसतो आणि कधी दोन दिवसांतच जीव घेतो. अशा वेळी काकडी-गाजर बंद करावे, ऊब आणि ओआरएस चालू ठेवावे आणि त्याच दिवशी छोट्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाकडे न्यावे. जाण्याआधी फोन करून ‘हॅमस्टर पाहता का?’ असे जरूर विचारावे. सर्वच डॉक्टर पाहत नाहीत. घरातल्या लहान मुलासाठी आणलेले अॅमॉक्सिसिलिनचे सिरप चुकूनही देऊ नये. पेनिसिलिन गटातली औषधे, तसेच क्लिंडामायसिन, हॅमस्टरच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मारतात आणि त्यांच्या जागी वाढणारे घातक जिवाणू काही दिवसांत प्राण घेतात. गर्भवती स्त्रीने हॅमस्टर हाताळू नये, आणि बाकीच्यांनी हाताळण्याआधी व नंतर साबणाने हात धुवावेत.

पिल्ले घरीच जन्मली असतील आणि त्यांतले एक बारके असेल, तर पहिले आठ-दहा दिवस त्याला हात लावू नये. घरटे उघडले की आई बिथरते आणि सगळीच पिल्ले मारू शकते. आईलाच अंडे, पनीर वाढवून द्यावे, पिल्लांना दूध तिलाच पाजू द्यावे. डोळे न उघडलेले पिल्लू हाताने वाढवण्याचे प्रयत्न जवळजवळ कधीच यशस्वी होत नाहीत.

थोडे दुकानदारांविषयी. केंद्राच्या 2018च्या पेट शॉप नियमांप्रमाणे दुकानाची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी असायला हवी. ग्राहकाने ती विचारावी. महिन्याचे झाल्यापासून हॅमस्टर वयात येऊ लागतात आणि सिरियनचा गर्भकाळ जेमतेम 16 दिवसांचा. नर-मादी एकाच पिंजऱ्यात असतील तर घरी आणलेली मादी, स्वतःच पिल्लू असताना, विण्याच्या बेतात असू शकते, आणि तिची पिल्ले दुबळी निघू शकतात. पावतीवर जन्मतारीख आणि नर की मादी हे लिहून द्यायला दुकानदाराला काहीच खर्च येत नाही. पाच आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही, आणि चौथ्या आठवड्यापासून नर-मादी वेगळे ठेवायचे, एवढे दोन नियम दुकानांनी स्वतःहून पाळावेत, आणि नोंदणी देणाऱ्यांनी तपासणीच्या वेळी तेच पाहावे, अशी आमची मागणी आहे.

आपले,
लहान प्राणी पाळणारे काही वाचक, पुणे